मोठी कॅसेट टाकूनही चढावर गिअर कमीच पडतोय? आधी पुढची रिंग मोजा

सिंहगडाच्या वरच्या वळणांवर मी दोन वर्षं सायकलवरून उतरून ढकलत गेलोय, आणि गंमत म्हणजे त्याच दोन वर्षांत मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच, दोनदा मोठी केली. पैसे जात होते, दाते वाढत होते, पण वळण तेच, उतरणं तेच, आणि स्कूटरवरून भजी खायला निघालेल्या काकांचं "काय, दम लागला का" हे पण तेच. नवीन कॅसेट टाकली की पहिले दोन आठवडे वाटायचं आता जमलं, मग एखाद्या रविवारी उन्हं जरा चढलेली असली की परत गुडघे बोलायला लागायचे.

ज्यांना हा त्रास आहे त्यांच्यासाठी लिहितोय. "भाऊ ११-३४ आहे, ४२ टाकू का ४६?" (सगळ्यात लहान चकती ११ दात्यांची, सगळ्यात मोठी ३४ ची) असं कोणी विचारलं की मी आधी उलट विचारतो, पुढे, पायडलपाशी, जी रिंग आहे तिला किती दाते आहेत? बहुतेकांना माहीत नसतं. मलाही नव्हतं, आणि तिथेच सगळा घोळ होता.

माझी सायकल साडेसत्तावीस इंची चाकाची हार्डटेल, म्हणजे सस्पेन्शन फक्त पुढे. घेतली तेव्हा पुढे तीन रिंगा, ४२-३४-२४, आणि मागे ८ स्पीडची (आठ चकत्यांची) ११-३२ कॅसेट. त्या सेटअपवर मी रडतखडत का होईना पण सिंहगड न उतरता केलाय, पायथ्यापासून गाडीतळापर्यंत, म्हणजे साधारण ९ किलोमीटर आणि जवळपास ६०० मीटर चढाई. मग सगळ्या ग्रुपने 'वन बाय' करायला घेतलं, पुढचा डिरेलर (चेन एका रिंगेवरून दुसरीवर सरकवणारा भाग) काढा, एकच रिंग ठेवा, वजन कमी, कटकट कमी, चिखल अडकायला जागा कमी. हे सगळं खरंच आहे, त्यात काही खोटं नाही. पण दुकानात सांगितलं की पुढे ३६ टाका, सपाटीला स्पीड मिळतो, आणि मी मान डोलावली. घरी येऊन एक साधा भागाकार केला असता तर बरेच पैसे वाचले असते.

भागाकार असा. पुढचे दाते भागिले मागचे दाते. जेवढा आकडा लहान तेवढा गिअर हलका, बास.

माझा जुना सगळ्यात हलका गिअर: २४ भागिले ३२, ०.७५. वन बाय केल्यावर मागची कॅसेट तीच राहिली, म्हणजे ३६ भागिले ३२, १.१२५. इथे मी मेलोच. मग ११-४० टाकली, ३६ भागिले ४०, ०.९. मग ९ स्पीडवर गेलो, शिफ्टर (हँडलवरचं गिअर बदलायचं बटण) नवा, मागचा डिरेलर नवा, ११-४२, ३६ भागिले ४२ म्हणजे ०.८६. म्हणजे दोन कॅसेटी, एक शिफ्टर, एक डिरेलर आणि दोन चेनी एवढं सगळं घालूनही मी ज्या गिअरपासून सुरुवात केली होती तिथपर्यंत सुद्धा पोचलो नव्हतो. हे मला एका रात्री बिलाच्या मागे पेन्सिलीने आकडे मांडल्यावर कळलं आणि बायकोला सांगायची हिंमत झाली नाही.

अजून एक आकडा त्याच रात्री काढला, तो सांगितल्यावर लोकांना पटत नाही. जुन्या ४२-३४-२४ आणि ११-३२ ची पूर्ण रेंज, म्हणजे सगळ्यात जड गिअरला सगळ्यात हलक्याने भागलं तर ५०९ टक्के येते. आजच्या १२ स्पीड १०-५१ कॅसेटची रेंज ५१० टक्के. म्हणजे ज्याला आपण जुनाट तीन चकत्यांचं धूड म्हणून काढून टाकतो त्याची रेंज आजच्या भारी कॅसेटएवढीच होती, फक्त त्यातले अर्धे गिअर एकमेकांवर चढलेले. ११-३२ ची एकटीची रेंज २९१ टक्के, ११-३४ ची ३०९, ११-४२ ची ३८२, ११-४६ ची ४१८, ११-५१ ची ४६४. पुढच्या दोन रिंगा काढून एकच ठेवली की रेंजचा केवढा तुकडा जातो ते यात दिसतं, आणि तो तुकडा मागून कुठल्या टोकाला भरून काढायचा, चढाच्या की सपाटीच्या, हे पुढची रिंग ठरवते.

पण त्याआधी एक तपासा, खरंच गिअर कमी आहे का?

हे हसण्यावारी नेऊ नका. आमच्यातल्या एकाचा गिअर चार महिने 'कमी' पडत होता आणि शेवटी कळलं की डिरेलर सगळ्यात मोठ्या चकतीवर जातच नव्हता. सायकल उलटी करा किंवा मागचं चाक उचला, पायडल हाताने फिरवत शिफ्टर शेवटपर्यंत दाबा आणि डोळ्यांनी बघा चेन कुठे बसते. शेवटच्या चकतीच्या एक अलीकडेच थांबत असेल तर बहुतेक वेळा केबल सैल झालेली असते, नाहीतर 'एल' लिहिलेला लिमिट स्क्रू जास्त आवळलेला असतो, नाहीतर हँगर (फ्रेमचा तो तुकडा ज्याला मागचा डिरेलर लटकतो) आत-बाहेर वाकलेला असतो. टेकडीवर एकदा उजव्या अंगावर पडलात की हँगर वाकतो आणि आपल्याला वाटतं काही झालं नाही. पावसाळ्यानंतर केबलच्या आउटरमध्ये लाल माती आणि गंज जाऊन बसतो, मग केबल सुटत पण नाही आणि नीट ओढली पण जात नाही. हे सगळं काही रुपयांचं काम आहे, कॅसेट घ्यायची गरज नाही. एक मात्र सांभाळा, एल स्क्रू अंदाजाने खूप सैल करू नका, चेन मोठ्या चकतीच्या पलीकडे आरांत गेली तर डिरेलर, हँगर आणि आरे तिन्हीचा एकदम निकाल लागतो.

चेन शेवटच्या चकतीवर व्यवस्थित बसते आणि तरीही जमत नाही, तर मग खरंच गिअर कमी आहे. आता किती कमी ते मोजायचं. इथे लोक अंदाजाने उड्या मारतात आणि इथेच माझी दोन वर्षं गेली.

पाय मोजा

तुमचा जो नेहमीचा नडणारा चढ आहे तिथे जा. माझं सिंहगडाचं वळण, तुमचा बोपदेव घाट असेल, वेताळ टेकडीवरचा सुट्या दगडांचा तुकडा असेल, वाईहून पाचगणीला जाताना पसरणी असेल (पसरणी लांब आहे पण इतकी खडी नाही, तिथे सहसा गिअर संपत नाही, माणूस संपतो). सगळ्यात हलक्या गिअरमध्ये, बसून, ज्या ताकदीने तुम्ही दहा मिनिटं तरी चालवू शकाल तेवढ्याच ताकदीने चालवा आणि उजवा पाय ३० सेकंदांत किती वेळा खाली गेला ते मोजा. दुप्पट करा. तो तुमचा मिनिटाचा कॅडेन्स.

माझे ३० सेकंदांत २५ आले, म्हणजे मिनिटाला ५०. बसून चढताना ६०च्या खाली गेलं की माझ्या गुडघ्यांवर जोर यायला लागतो, ७० असेल तर मस्त. तुमचं थोडं वेगळं असेल पण ५० बहुतेकांना लांबच्या चढावर झेपत नाही.

आता हिशोब. चढावर तुमची ताकद तेवढीच आणि तुमचं वजन तेवढंच, म्हणजे वेगही तेवढाच राहणार, गिअर बदलल्याने तुम्ही काही रॉकेट होत नाही, फक्त त्याच वेगाला पाय किती फिरतात ते बदलतं. म्हणून आत्ताचा गिअर गुणिले आत्ताचा कॅडेन्स भागिले हवा असलेला कॅडेन्स. माझं ०.८५७ गुणिले ५० भागिले ६०, उत्तर ०.७१. मला ०.७१ चा गिअर हवा होता. ७० फेऱ्यांचे लाड करायचे असते तर ०.६१.

ज्याला वॉटमध्ये बोलायला आवडतं त्याच्यासाठी ताळा करून दाखवतो. मी ७५ किलो, सायकल पाणी टूलकिट मिळून १५, एकूण ९०. दहा टक्क्यांच्या चढावर गुरुत्वाकर्षण साधारण ८८ न्यूटनने मागे ओढतं, वर नॉबी टायरचा रस्त्यावरचा अडथळा दहाएक न्यूटन धरा, झाले ९८. माझ्या चाकाचा घेर २.१५ मीटर, ०.८६ च्या गिअरला एका फेरीत सायकल १.८४ मीटर जाते, मिनिटाला ५० फेऱ्या म्हणजे तासाला साडेपाच किलोमीटर, त्याला ताकद लागते साधारण १५० वॉट. म्हणजे किलोमागे २ वॉट, आठवड्यातून दोनदा सायकल चालवणाऱ्या नोकरदार माणसाचा मामला. आता तोच ३६-४२ चा (पुढे ३६, मागे ४२) गिअर ६० फेऱ्यांनी फिरवायचा म्हटला तर १८० वॉट लागतात. ते ३० वॉट माझ्याकडे नाहीत, कधी येतील माहीत नाही, पण दाते आज बदलता येतात.

चढ १५ टक्क्यांचा असेल तर हाच माणूस तासाला चार किलोमीटरच्या आसपास येतो, तिथे ०.६३ चा गिअर असला तरी पाय पन्नाशीच्या खालीच राहतात आणि इतक्या हळू सायकलचा तोल सांभाळणं हीच वेगळी कला होते. एवढ्या चढाला अजून मोठी कॅसेट हे उत्तर नाही. तिथे उतरा आणि ढकला, त्यात लाज कसली.

आणि खूप हलका गिअर घेतला तरी प्रॉब्लेम सुटतोच असं नाही. टेकडीवर सुट्या मुरुमात अगदी हलक्या गिअरला जोरात पायडल मारलं की मागचं चाक जागेवर फिरतं, किंवा पुढचं चाक हवेत उचलतं. एमटीबीला (माउंटन बाइकला) हलका गिअर हवा तो बसून चढता यावं म्हणून, म्हणजे वजन मागच्या चाकावर राहतं आणि टायर पकड सोडत नाही. उभं राहून जोर मारलात की शेवाळलेल्या रस्त्यावर मागचं चाक सटकलंच म्हणून समजा, पावसाळ्यात सिंहगडावर हे पोटभर अनुभवलंय.

मग ०.७१ आणायचा कुठून

दोन रस्ते. पुढे ३६ ठेवून मागे मोठं काहीतरी, म्हणजे ३६ भागिले ०.७१, पन्नासच्या वर, अर्थात ११-५१ किंवा १२ स्पीड. नाहीतर मागे ४२ ठेवून पुढे ३०. तीस भागिले बेचाळीस, ०.७१४. एक रिंग, चार बोल्ट, आणि चेनच्या दोन-चार लिंका कमी. कॅसेट, डिरेलर, शिफ्टर, हब (चाकाचा मधला भाग) कशालाच हात लावायचा नाही.

"पण मग टॉप स्पीड?" हा प्रश्न येतोच. माझ्या चाकावर ३६-११ ला मिनिटाला ९० फेऱ्या मारल्या तर तासाला ३८ किलोमीटर होतात. ३०-११ ला ३१.७. म्हणजे सहा किलोमीटर गेले. आता प्रामाणिकपणे सांगा, दोन इंची टायरच्या हार्डटेलवर सपाट रस्त्यावर ३२ च्या वर तुम्ही किती वेळ असता? उतारावर असता, पण उतारावर पायडल कोण मारतं, तिथे ब्रेक सांभाळायचे असतात. ज्यांची एमटीबी रोज हिंजवडी-कोथरूड ऑफिसला जाते आणि वर्षातून दोनदाच टेकडीवर, त्यांनी खुशाल ३४ ठेवावी. बाकीच्यांचं ३६ चं प्रेम मला कळत नाही. माझं मलाही कळत नव्हतं, दिसायला भारी दिसते एवढंच.

रिंग बदलायला जाताना मात्र आधी क्रँक (पायडलचा दांडा, ज्यावर रिंग बसते) बघा. रिंग बोल्टने बसवलेली असेल तर शेजारच्या नाही, समोरासमोरच्या दोन बोल्टांच्या मध्यांमधलं अंतर मोजा, चार बोल्टच्या एमटीबी क्रँकला ते बहुतेक वेळा १०४ मिलिमीटर असतं. १०४ वर ३२ आरामात बसते, ३० ची खास रिंग मिळते, बोल्ट दात्यांच्या अगदी जवळ येतात म्हणून तिच्यातच आटे पाडलेले असतात, नेहमीचे नट लागत नाहीत. त्याहून लहान हवी तर सहसा वेगळा क्रँक लागतो, उदाहरणार्थ डायरेक्ट माउंट, ज्यात रिंग बोल्टांच्या वर्तुळाशिवाय थेट क्रँकवर बसते. आणि बऱ्याच स्वस्त सायकलींना रिंगा रिव्हेट मारून पक्क्या केलेल्या असतात, तिथे रिंग बदलणं हा प्रकारच नाही, पूर्ण क्रँक बदलायचा. तसं असेल आणि पुढे अजून तिन्ही रिंगा शाबूत असतील तर माझा सल्ला ऐका आणि वन बाय करूच नका. २४ च्या रिंगेवर चेन घसरत नसेल, नीट पडत असेल तर ती सोन्याची आहे. तिला 'ग्रॅनी' म्हणून हिणवतात ते उगाच.

एक सिंगल रिंग घेताना दाते एकाआड एक जाड-बारीक असलेली, नॅरो-वाइड, घ्या. साधी रिंग ठेवली आणि डिरेलरला क्लच (चेन धक्क्याने हलू न देणारी सोय) नसेल तर दगडांवर चेन दर दहा मिनिटांनी उतरते आणि तुम्हाला वाटतं कॅसेटचा प्रॉब्लेम आहे.

तरीही मागचं बदलायचंच असेल

कधीकधी पर्याय नसतो. २९ इंची चाक असेल तर तोच गिअर जड लागतो, कारण २९ बाय २.२ चा घेर साधारण २.३० मीटर आहे, माझ्या २.१५ पेक्षा सात टक्के जास्त. म्हणजे मित्राच्या साडेसत्तावीसवर ३२-४२ चालतं म्हणून तुमच्या २९ वर ते तसंच चालेल असं नाही, तुम्हाला तोच फील यायला मागे ४५ लागेल. वजन जास्त असेल, बॅगा लावून कोकणात उतरून परत घाट चढायचा असेल, तरी मागे मोठं लागतं. पुढे ३० आणि तरी कमी पडतंय, तर मग या भागात या.

पहिलं, चाक काढा आणि मागचं सगळं उलटं फिरवा. मधे जिथे टूल बसतं ती खाचांची रिंग दात्यांबरोबर फिरत असेल तर तुमच्याकडे कॅसेट आहे. दाते फिरतात आणि खाचा जागेवर राहतात तर ते आट्यांचं फ्रीव्हील आहे. ७ स्पीडच्या बहुतेक स्वस्त सायकलींना फ्रीव्हील असतं, १४-२८ नेहमीचं, आणि त्यावर कॅसेट बसत नाही म्हणजे नाही, हब बदलावा लागतो किंवा चाकच. फ्रीव्हीलवाल्यांना १४-३४ मिळतं, ज्याला मेगारेंज म्हणतात. ते घ्या, स्वस्त आहे, फक्त एवढं लक्षात ठेवा की शेवटची उडी २४ वरून थेट ३४ वर आहे, ४२ टक्क्यांची. २४ वर मिनिटाला ५० मारत असाल तर ३४ वर पडल्यावर ७१ मारावे लागतात, पहिल्यांदा वाटतं चेनच तुटली. पण जिथे उतरावं लागणार होतं तिथे ती उडी कोणालाही चालेल.

कॅसेट असेल तर फ्रीहबचा, म्हणजे हबवर कॅसेट जिथे सरकवून बसवतात त्या भागाचा, प्रकार बघा. शिमानोच्या जुन्या खाचांच्या हायपरग्लाइड फ्रीहबवर ८, ९, १० आणि एमटीबीची ११ स्पीड कॅसेट बसते, ११-५१ सुद्धा. १०-५१ ला मायक्रो स्प्लाइन नावाचा वेगळा फ्रीहब लागतो, तो २०१८ मध्ये आला. स्रॅमच्या १० दात्यांपासून सुरू होणाऱ्या ईगल कॅसेटींना एक्सडी फ्रीहब लागतो, मात्र त्यांच्या स्वस्तातल्या एनएक्स आणि एसएक्स ११-५० आहेत आणि त्या जुन्या फ्रीहबवर बसतात. एका दात्यासाठी, ११ ऐवजी १०, लोक अख्खा हब बदलतात. चढावर त्या एका दात्याचा काडीचा उपयोग नाही, तो सपाटीच्या टोकाला आहे.

मग डिरेलर. प्रत्येक डिरेलरला दोन मर्यादा असतात आणि दुकानात बहुतेक एकाबद्दलच बोलतात. एक, मोठ्यात मोठी किती दात्यांची चकती चालेल. एंट्री लेव्हलच्या ७-८ स्पीडच्या डिरेलरांना ती सहसा ३४ असते. दोन, एकूण क्षमता, म्हणजे चेनचा किती झोल तो गोळा करू शकतो. ती अशी काढायची: पुढची मोठी वजा पुढची लहान, अधिक मागची मोठी वजा मागची लहान. ४२-३४-२४ आणि ११-३४ ला १८ अधिक २३, ४१. डिरेलरची क्षमता ४३ असेल तर जमलं. त्याच सायकलला तीन रिंगा ठेवून ११-४० टाकली तर १८ अधिक २९, ४७, गेलं बाहेर. मग एकतर लहान-लहानवर चेन लोंबते नाहीतर मोठ्या-मोठ्यावर एवढी ताणते की काहीतरी तुटतं. वन बायला पुढचा फरक शून्य, म्हणून तिथे क्षमतेचा प्रश्न सहसा येत नाही, पण मोठ्या चकतीची मर्यादा राहतेच.

माझ्या ११-४० च्या वेळी हीच मर्यादा आड आली. डिरेलर ३४ चा, त्याची वरची पुली (छोटं दातेरी चाक) ४० च्या चकतीवर खडखड घासत होती. दुकानदाराने हँगरला एक्स्टेंडर लावला, एक छोटी लोखंडी पट्टी, डिरेलर खाली सरकतो. घासणं बंद झालं. पण आता पुली लहान चकत्यांपासून लांब गेली, त्यामुळे ११-१३-१५ मधलं शिफ्टिंग आळशी झालं, बटण दाबून 'येईल येईल' म्हणत थांबायचं. आणि कॅसेट ११-१३-१५-१८-२२-२८-३४-४०, त्यात २२ ते २८ ची उडी २७ टक्क्यांची. बोपदेवसारख्या घाटात मला नेमका २५ हवा असायचा. २२ ला पाय ७० वर तर २८ ला ८९, एकात ढकला नाहीतर दुसऱ्यात गरगर फिरा. म्हणून कमी स्पीडच्या सायकलवर खूप मोठी रेंज कोंबू नये असं माझं मत झालंय. ८ स्पीडला ३४ पर्यंत ठीक, ४० म्हणजे ओढाताण. ९ ला ४२, १० ला ४६, ११ ला ५१ इथपर्यंत चकत्यांमधली अंतरं सुसह्य राहतात.

स्पीड बदलताना शिफ्टर आणि डिरेलर जोडीने बदला. शिमानोच्या ८ आणि ९ स्पीड डिरेलरची केबलची ओढ सारखी आहे म्हणून ते एकमेकांत चालतात, १० स्पीड एमटीबीची ओढ वेगळी, ११ ची अजून वेगळी. ८ चा शिफ्टर आणि १० चा डिरेलर लावून ट्युनिंग करत बसलेला माणूस मी पाहिलाय, तो संध्याकाळपर्यंत बसला होता. नवीन क्यूज सिरीजच्या लिंकग्लाइड कॅसेटी पण वेगळ्याच घराण्यातल्या, जुन्या हायपरग्लाइडच्या शिफ्टर-डिरेलरबरोबर मिसळू नका. बजेटमध्ये पूर्ण सेट घ्यायचा असेल तर मायक्रोशिफ्टचा ॲडव्हेंट ९ स्पीड किंवा ॲडव्हेंट एक्स १० स्पीड ११-४८ बघण्यासारखे आहेत, जुन्याच फ्रीहबवर बसतात.

बसवल्यावर कुरकुर करत असेल तर

सगळ्यात मोठ्या चकतीवर घरघर आवाज येतोय, मागे पायडल फिरवलं की जास्त: वरची पुली चकतीला लागतेय, बी-टेन्शन स्क्रू आवळा, चेन मोठ्या चकतीवर असताना पुली आणि दात्यांमध्ये पाच-सहा मिलिमीटर फट राहू द्या. उगाच जास्त पण आवळू नका, नाहीतर माझ्या एक्स्टेंडरसारखं होईल.

जोर लावला की मधल्याच दोन-तीन चकत्यांवर चेन टकटक सटकते: बहुतेक झिजलेल्या कॅसेटवर नवीन चेन चढवलीये, नेहमी वापरात असलेल्या चकत्याच आधी झिजतात. चेन चेकरवर (चेनची झीज मोजायच्या पट्टीवर) १० स्पीडपर्यंतची ०.७५ ला आणि ११-१२ ची ०.५ ला बदलायची असते. आणि उलट पण तेच, कॅसेटचे पैसे घालून चेनचे वाचवू नका, जुनी ताणलेली चेन नवीन कॅसेट लवकर खाते.

मोठ्या चकतीवर असताना मागे पायडल फिरवलं की चेन आपोआप एक-दोन चकत्या खाली पडते: वन बायमध्ये चेन तिरकी जाते म्हणून. रिंग एक-दोन मिलिमीटर आत घेता आली तर फरक पडतो. माझ्याकडे अजून थोडं होतं, चढावर मागे पायडल फिरवायची सवयच सोडली.

चेनची लांबी डोळ्याने ठरवू नका. डिरेलरमधून न घेता चेन पुढच्या रिंगेवरून आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीवरून फिरवा, जिथे टोकं जुळतात त्याच्यापुढे दोन लिंका, एक बाहेरची एक आतली, जास्त ठेवून तोडा. फुल सस्पेन्शन असेल तर सस्पेन्शन दाबल्यावर अंतर वाढतं, म्हणून मागचा शॉक मोकळा करून किंवा पूर्ण दाबून मोजा. ३६ वरून ३० वर आलात आणि चेन तीच ठेवलीत तर ती लोंबते, लहान चकत्यांवर चेनस्टेला (फ्रेमच्या मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळीला) आपटते, मला पहिल्या राइडला वाटलं क्रँकच सैल झालाय.

माझी सायकल आता ३०-४२ वर आहे. डिसेंबरात परत त्याच वळणावर पाय मोजले, ३० सेकंदांत एकतीस आले. धाप तेवढीच लागते, वेग तेवढाच आहे, पण बसून चढतो आणि वर जाऊन दही मागवायला उभं राहता येतं. रिंगेचे चार बोल्ट पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर एकदा परत आवळा, माझा एक सैल निघाला होता.